अप्पांना सांभाळत कोल्हापूरला

नाशिकहून निघताना आम्हाला निरोप असा कुणी दिला नाही. मिळाल्या त्या सूचना. अप्पांनी पाणी उकळलेलंच प्यायचं, तिखटाला शिवायचं नाही, जड उचलायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, मनाला काही लावून घ्यायचं नाही, अनोळखी माणसाच्या हातचं काही खायचं नाही, आणि छातीत जराशी कळ आली की जिभेखाली गोळी ठेवून आडवं व्हायचं. अप्पांना हे सांगून उपयोग नव्हता, कारण ते केव्हाच खिडकीची जागा धरून बाहेर बघत बसले होते. म्हणून हे सगळं दादानं मला ऐकवलं. एसटी सुरू झाली तसा तो खिडकीखालून म्हणाला, "सुमन, तू हट्टानं नेते आहेस. काही झालं तर मग तूच बघ."

दादा माझा मोठा भाऊ. माणूस जीव लावणारा, पण जीव लावायचा म्हणजे घाबरायचं अशी त्याची समजूत. आम्ही सगळे एकाच घरात राहतो: दादा, वहिनी, त्यांच्या दोन मुली, आमचे वडील अप्पा आणि शाळेत भूगोल शिकवणारी, बिनलग्नाची मी. गेल्या वर्षी अप्पांना हृदयविकाराचा झटका आला आणि तेव्हापासून आम्ही त्यांना लोणच्याच्या बरणीसारखं जपायला लागलो. कोपऱ्यावर पान खायला जायचं तरी बरोबर कुणीतरी हवं. हळूहळू हिंडूफिरू द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. पण आमच्याकडे डॉक्टरांपेक्षा शेजाऱ्यांच्या अनुभवाला मान जास्त.

अप्पांचं कॉलेज कोल्हापुरात झालं. तिथं त्यांच्याबरोबर खोलीत राहणारे बसाप्पा अजून शिरोळकडे आपल्या गावी शेती करून आहेत. "एकदा बसूला भेटून येतो," असं अप्पा रोज म्हणायचे आणि रोज आम्ही "बघू" म्हणायचो. मग एक दिवस त्यांनी ते म्हणायचं सोडून दिलं. झटक्याच्या वेळी मी घाबरले नव्हते इतकी तेव्हा घाबरले. यंदा दिवाळी झाली, सुट्टी शिल्लक होती, मी तिकिटं काढली.

पुण्याला मावशीकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरची एसटी धरली. शेजारी एक धोतर-फेट्यातले गृहस्थ होते. साताऱ्याच्या अलीकडे, घाट लागल्यावर त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि अप्पांपुढे धरली.

"घ्या पावणं. भडंग हाय. घरचं हाय."

भडंग म्हणजे लसूण-मिरची लावून परतलेले चुरमुरे. तिखट, आणि वर अनोळखी माणसाच्या हातचं. म्हणजे दादाच्या दोन सूचना एका पुडीत. बसमध्ये गुंगीचं औषध घालून प्रवाशांना लुबाडल्याच्या गोष्टी वहिनीनं मला सांगूनच पाठवलं होतं. मी डोळ्यांनी खुणा करते आहे, आणि अप्पा मुठीनं खाताहेत. मी पुढचा सारा वेळ त्या गृहस्थांच्या हातांवर नजर ठेवून होते. तेवढ्यात बस अशी काही वळली की माझं डोकं पुढच्या दांडीवर आपटलं. बघते तर आमचा ड्रायव्हर ऐन वळणावर दुसऱ्या एका एसटीच्या पुढं जायच्या खटपटीत होता.

"आमचा ड्रायव्हर कुणाला म्होरं जाऊ देत न्हाय," गृहस्थ कौतुकानं म्हणाले. "लई तरबेज गडी."

सगळी बस त्याच्याकडे कौतुकानं बघत होती. खाली दरी होती, पण तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. कपाळाला टेंगूळ आलं आणि भडंगानं कुणालाही गुंगी आली नाही.

कोल्हापूरला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. स्टँडजवळच्या लॉजवर सामान टाकलं आणि अप्पा म्हणाले, "आधी अंबाबाई." देवळात गर्दी होती. मी पर्स छातीशी धरून आणि अप्पांचा दंड घट्ट पकडून चालले होते. एका हळद-कुंकू विकणाऱ्या बाईनं आम्हाला पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "बाई, बाबांस्नी सोडा की जरा! पळून जात न्हाईत ते." आजूबाजूचे हसले. इथं लोक मनातलं ओठांवर आणायला वेळ लावत नाहीत आणि ओठांवर आलेलं हळू बोलत नाहीत. मी दंड सोडला, पण दोन पावलं मागंच राहिले.

संध्याकाळी रंकाळ्यावर बसलो. तळ्यातल्या संध्यामठाकडे बोट दाखवून अप्पा म्हणाले, "बसू आणि मी इथून पोहत तिथवर जायचो. घरी कळवलं नव्हतं." माझ्या आजीला तेव्हा कसली काळजी असायची ते मी विचारलं. "परगावच्या खाणावळीतल्या अन्नाची," अप्पा म्हणाले आणि हसले. त्यांचं ते हसू वर्षभरात मी ऐकलं नव्हतं.

खाणावळीत मात्र आमची जुंपली. त्यांना तांबडा रस्सा हवा होता, मला तो दिसताक्षणीच घाम फुटला होता. वाढपी दोघांच्या मध्ये भांडं घेऊन उभा. शेवटी त्यानंच निकाल लावला: "तांबडा ऱ्हाऊ दे. पांढरा घ्या. नारळाच्या दुधातला असतोय, बाळंतिणीला बी देतो आमी." अप्पांनी तीन वाट्या पांढरा रस्सा प्यायला आणि तांबड्यात बोट बुडवून चाखलंच. त्या रात्री त्यांचा श्वास नीट चालला आहे ना, हे मी कितीदा उठून पाहिलं ते मलाच ठाऊक. ते घोरत होते. जागरण माझं झालं.

दुसऱ्या दिवशी लॉजच्या मालकांनी टॅक्सी ठरवून दिली आणि आम्ही राधानगरीला निघालो. वाटेत भाताची खाचरं कापणीला आलेली, पुढं धरणाचं गर्द पाणी आणि मग जंगल. त्या जंगलातले गवे (रानटी बैलाच्या जातीचं थोराड जनावर) माणसावर धावून येतात, असं दादानं कुठंतरी वाचलं होतं. वाचलं नसतं तर बरं झालं असतं, कारण गवा दिसलाच. रस्त्यापासून थोड्या अंतरावर, झाडीच्या कडेला उभा. काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. मी घाईघाईनं काच वर करायला लागले. अप्पांनी दुसऱ्या बाजूनं डोकंच बाहेर काढलं.

टॅक्सीवाल्यानं गाडी थांबवली. "बाई, काच लावून काय हुतंय? त्येनं मनात आणलं तर गाडीसकट उलथून टाकंल. पर त्येच्या मनात न्हाय. बघा की निवांत."

गवा आमच्याकडे बघत राहिला, मग सावकाश वळून झाडीत गेला. मी काच वरच ठेवली. अप्पांचा चेहरा मात्र उजळला होता.

परतताना दिवस मावळला. टॅक्सीवाला आता गव्याच्या गोष्टी सांगण्यात रंगला होता. कुणाच्या शेतात कसा शिरला, कुणाला कसं शिंगावर घेतलं. आणि या गोष्टी तो मान मागं वळवून, एका हातानं शिंगं करून सांगत होता. मीही पुढं सरकून ऐकत होते. "समोर!" असं अप्पा ओरडले तेव्हा आम्ही उसाच्या ट्रॉलीच्या अगदी मागं पोचलो होतो. ट्रॉलीला दिवा नव्हता, मागं लाल फडकं नव्हतं, ऊस चारी बाजूंनी बाहेर आलेला. ब्रेक लागले, गाडी आडवी होऊन थांबली आणि उसाचे शेंडे पुढच्या काचेवर येऊन टेकले.

"आयला," टॅक्सीवाला म्हणाला. मग लगेच, "काय न्हाय हो, रोजचा रस्ता हाय माझा."

रोजचा होता म्हणूनच तो मागं बघत चालवत होता. मला फार राग आला, त्याचा आणि माझाही. गव्याच्या भीतीनं मी दिवसभर अर्धमेली झाले होते, आणि ज्या वेळी आम्ही खरोखर मेलो असतो त्या वेळी मी मजेत गोष्ट ऐकत होते. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ठरवलं, यापुढं डोळे उघडे ठेवायचे. भूगोल शिकवणाऱ्या बाईला दरी, वळण, पाणी हे दिसायला हवं. तिनं भडंगाच्या पुडीकडे काय बघायचं? आता मला समजलं, असं वाटून शांत झोप लागली. किती समजलं होतं ते पुढं नृसिंहवाडीला दिसलं.

बसाप्पांचं गाव कृष्णेच्या काठी, नृसिंहवाडीच्या पलीकडच्या तीराला. एसटीतून उतरलो तर ते स्टँडवर वाट बघत उभे: उंच, कपाळाला विभूती, खांद्यावर टॉवेल. अप्पा माझ्या हातात पिशवी देऊन पुढं झाले. मग बसाप्पा गरजले, "मेला न्हाईस व्हय रं अजून?" आणि अप्पांना मिठी मारून रडायला लागले. मोठ्यानं बोलायचं नाही आणि मनाला लावून घ्यायचं नाही, या दोन्ही सूचना तिथं स्टँडवरच वाहून गेल्या. मीही डोळे पुसले.

घर लिंगायतांचं, अर्धं बोलणं मराठीत आणि अर्धं कानडीत. बसाप्पांच्या बायकोला सगळे अक्का म्हणतात. तिनं मला दारातच विचारलं, "ऊटा आयता, तंगी?" (जेवण झालं का, धाकटे?) आणि उत्तराची वाट न बघता ताट मांडलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही आणि कृष्णाकाठच्या वांग्याची भाजी. त्या वांग्यांना बी जवळपास नसतंच, लोण्यासारखी विरघळतात. अप्पांच्या दुखण्याचं मी अक्काला सविस्तर सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "आणि तुजं काय? तू अशी वाळल्यागत का झालियास?" मी हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मिळून नावेनं वाडीला, दत्ताच्या दर्शनाला निघालो. निघताना बसाप्पांनी बजावलं, "वाडीत खिसं कापणारं लई. पैसं आतल्या खिशात ठेव, पोरी, आणि देवळात सासुरवाशिणीगत खाली बघत चालू नगो." मी पर्स पदराखाली घेतली.

पावसाळा संपला असला तरी नदी भरलेली होती. पाणी गढूळपण टाकून हिरवट झालेलं, वरून संथ. पण काठावरचं वाळकं पान त्यात पडलं की झरकन दिसेनासं होत होतं. नाव लाकडी, रुंद. तिच्यात बायका, टोपल्या, दुधाच्या किटल्या, दोन सायकली आणि एक शेळी. नावाडी वल्ह्याला टेकून सगळे बसेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "देऊळ दिसलं म्हणून कुणी उठायचं न्हाय. बसूनच हात जोडायचं."

"व्हय, व्हय," सगळी नाव एका सुरात म्हणाली. त्यात बसाप्पांचा आवाज सगळ्यांत मोठा.

नाव आधी काठाकाठानं वर नेली आणि मग प्रवाहात तिरकी सोडली. ऊन कोवळं होतं. वल्ह्याचं चुबुक चुबुक सोडलं तर आवाज नाही. अप्पा माझ्याशेजारी मधल्या फळीवर बसले होते, मी कडेला. गेल्या काही दिवसांत अप्पांच्या छातीवर खिळलेली माझी नजर पहिल्यांदाच सैल झाली. इथं दरी नव्हती, गवा नव्हता, कुणी मान वळवून गाडी हाकत नव्हतं. सोबतीला जन्मभर हीच नदी ओलांडणारी माणसं होती, समोर देव होता. सबंध प्रवासात मला इतकं निर्धास्त कधीच वाटलं नव्हतं.

पलीकडचा घाट दिसायला लागला. देवळातली घंटा ऐकू आली आणि कुणीतरी "दिगंबरा, दिगंबरा" म्हणायला सुरुवात केली. नाव तिरकी असल्यामुळं देऊळ एका अंगाला येत होतं. आधी बसाप्पा उठले. मग टोपलीवाल्या बायका उठल्या, सायकलवाले उठले, अक्का उठली. सगळे देवळाच्या अंगाला सरकले, हात जोडले, कुणी पाण्यात पैसा टाकायला वाकलं. नावाडी ओरडत होता, "बसा! आरं बसा की!" आणि त्याचं ओरडणं त्या नामघोषात विरून जात होतं. वाडीला जाणारी नाव रोज अशीच उठत असणार. उठायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण देव दिसल्यावर बसून राहायचं, हे कुणाच्या पायांना जमत नाही.

मी फारशी देवभोळी नाही. तरीही मी उठले. सगळे उठले म्हणून मी उठले. हात जोडायला म्हणून कडेवरचा हात सोडला.

नाव त्या अंगाला कलली. कडेवरून पाणी आत आलं, किटल्या गडगडल्या, एक सायकल माझ्या पोटऱ्यांवर आदळली आणि माझे पाय निसटले. समोर फक्त हिरवं पाणी होतं, इतकं जवळ, की केस त्यात भिजले आणि त्याचा गारवा तोंडाला लागला. मी ओरडलेही नाही.

मनगटाला हिसडा बसला. अप्पा उठले नव्हते. ते फळीवर बसूनच, दोन्ही पाय समोरच्या लाकडाला रोवून मला मागं ओढत होते. पन्नास किलोची मी त्यांच्या अंगावर कोसळले. मग त्यांनी असा आवाज काढला, की शेळीसुद्धा गप्प झाली: "खाली बसा सगळे! खाली!"

एकेक करून सगळे बसले. नाव डुलत डुलत सरळ झाली. तळाशी घोट्याएवढं पाणी, त्यात दूध पसरलेलं. नामघोष थांबला होता. मग अक्कानं हलक्या आवाजात तो पुन्हा सुरू केला, बसूनच.

मी अप्पांचा हात हातात घेतला. "कळ येते आहे का? अप्पा, गोळी?" मी पर्स चाचपू लागले.

"मला काही होत नाही आहे," ते धापा टाकत म्हणाले. "सुमन, तू जात होतीस."

घाटावर उतरल्यावर मी त्यांना पायरीवर आडवं व्हायला लावलं. ते झाले नाहीत. उलट पंच्यानं माझे ओले केस पुसत बसले. आजूबाजूला जो तो दत्तानं वाचवलं म्हणून कानाला हात लावत होता. अप्पा बसाप्पांकडे बघून म्हणाले, "वाचवलं खरं त्यानं. पण बुडवायला आपणच निघालो होतो, बसू." बसाप्पांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावरून फिरवला. ते म्हणाले, "सत्तर वर्सं हुईत आली ह्या पाण्यात. मला वाटलं, ही नदी आपलीच की." परतीच्या नावेत ते दोन्ही हातांनी फळी धरून बसले. देवळाकडे त्यांनी पाठ केली होती.

आणखी दोन दिवस आम्ही राहिलो. अप्पा उसाच्या शेतात हिंडले, ताजा गूळ खाल्ला, मित्राशी भांडले आणि पुन्हा बोलायला लागले. मी अक्काजवळ स्वयंपाकघरात बसून असे. मनगटावर अप्पांच्या बोटांचे वळ उमटले होते, ते बघून तिचे डोळे भरत.

परतीच्या एसटीत मला विचार करायला सवड मिळाली. आपल्याला भीती वाटते ती नव्या गोष्टींची, पेपरात छापून येणाऱ्यांची, शिंगं असलेल्यांची. जिथं माणसं रोजची आणि पाणी ओळखीचं, तिथं आपण कडेवरचा हात सोडतो. राधानगरीच्या रस्त्यावर मला हे समजलं होतं; समजूनही नावेत मी सर्वांबरोबर उठलेच. समजणं फार उपयोगी पडतं असं नाही. मग प्रवास करूच नये का? तसंही मला वाटत नाही. शेजारी अप्पा झोपले होते, अंगाला उसाच्या पाचटाचा वास, चेहरा रापलेला. वर्षभर आरामखुर्चीत आम्ही त्यांना सुरक्षित ठेवलं होतं आणि ते रोज थोडे थोडे विझत होते. तो धोका आमच्यापैकी कुणी मोजला नव्हता.

नाशिकला दादा स्टँडवर आला होता. त्यानं अप्पांना खाली उतरवलं, उजेडात नेऊन तोंड बघितलं, नाडी धरली. "कळ आली होती का? श्वास लागला का? गोळी किती वेळा घेतली?"

"एकदाही नाही," अप्पा म्हणाले. "मला काही झालं नाही. ही बुडत होती कृष्णेत."

दादा आधी हसला. मग अप्पांचा चेहरा बघून त्याचं हसू गेलं आणि तो माझ्याकडे वळला. निघायच्या आधी एवढ्या सूचना झाल्या, एवढे धोके मोजून झाले. त्या सगळ्यात मी सांभाळणारी होते, सांभाळायची नव्हते. माझ्याही ते कधी ध्यानात आलं नव्हतं. दादा माझ्या मनगटाकडे बघत उभा राहिला.

"सुमे," तो म्हणाला, "तुला पोहता येत नाही ना गं?"

चाळीस वर्षं एका घरात राहून त्यानं हे पहिल्यांदा विचारलं. "नाही," म्हटलं, आणि नावेत, घाटावर, कुठंच न आलेलं रडू मला तिथं, सामानाच्या ढिगात उभ्या उभ्या आलं.